सरकारी संप 'बेकायदा' ठरला, तर पुढे काय होतं?

14 मार्च 2023 रोजी महाराष्ट्रातले लाखो सरकारी-निमसरकारी कर्मचारी आणि शिक्षक जुन्या पेन्शनसाठी संपावर गेले. त्याच दिवशी विधिमंडळात मेस्माचं, म्हणजे महाराष्ट्र अत्यावश्यक सेवा परिरक्षण कायद्याचं, नवं विधेयक मंजूर झालं, कारण आधीच्या कायद्याची मुदत संपलेली होती. संप बेकायदा आहे, शिस्तभंगाची कारवाई होईल, 'काम नाही तर वेतन नाही' हे धोरण लागू राहील, अशी ताकीद कर्मचाऱ्यांना मिळाली. सातव्या दिवशी बोलणी झाली आणि संप मागे घेतला गेला. संपात होते म्हणून सरसकट कुणाची नोकरी गेली नाही. ते दिवस पुढे रजा म्हणून नियमित झाले.

त्याआधी दीड वर्षापूर्वी एसटीचे कर्मचारी संपावर गेले होते. तो संपही बेकायदा ठरला. त्यात दहा हजारांहून जास्त कर्मचाऱ्यांना बडतर्फीचे आदेश मिळाले. आणि 2003 साली तमिळनाडूत दीड लाखाहून जास्त सरकारी कर्मचाऱ्यांना एका फटक्यात कामावरून काढण्यात आलं होतं. तिन्ही ठिकाणी शब्द एकच, बेकायदा. मग परिणामांत एवढी तफावत कशी?

याचं कारण असं की 'संप बेकायदा' या दोन शब्दांत तीन वेगवेगळे प्रश्न गुंडाळलेले असतात. संप करण्याचा हक्क आहे का, हा पहिला. संप करणं हा गुन्हा आहे का, हा दुसरा. आणि संप करणं ही सेवेतली गैरवर्तणूक आहे का, हा तिसरा. बातम्यांत, भाषणांत आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या संदेशांत या तिन्हींची खिचडी झालेली असते. उत्तरं मात्र वेगवेगळी आहेत, आणि ती देणारी माणसंही वेगळी असतात: पहिल्याचं उत्तर न्यायालय देतं, दुसऱ्याचं पोलीस आणि फौजदारी न्यायालय, तिसऱ्याचं तुमचा विभागप्रमुख.

घटनेत काय आहे, काय नाही

राज्यघटनेचं कलम 19(1)(ग) संघटना स्थापन करण्याचा मूलभूत हक्क देतं. संघटना काढता येते, तर तिचं मुख्य हत्यार असलेला संपही त्याच हक्कात येतो, असा युक्तिवाद स्वातंत्र्यानंतर लगेच सुरू झाला. बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेच्या प्रकरणात 1961 साली सर्वोच्च न्यायालयाने तो नाकारला. संघटना काढण्याचा हक्क आहे, पण त्या संघटनेला तिची उद्दिष्टं गाठता येतील याची हमी घटना देत नाही, असा त्या निकालाचा गाभा.

पुढच्याच वर्षी कामेश्वर प्रसाद विरुद्ध बिहार राज्य हा निकाल आला. बिहारच्या वर्तणूक नियमांत सरकारी नोकरांना निदर्शनं आणि संप या दोन्हींची बंदी होती. न्यायालयाने हा नियम मधोमध कापला. शांततेने केलेली निदर्शनं म्हणजे मत मांडणंच आहे, सरकारी नोकरी पत्करली म्हणून माणूस मूलभूत हक्क गमावून बसत नाही; तेव्हा निदर्शनांवरची सरसकट बंदी घटनाबाह्य. संपावरची बंदी मात्र टिकली. मुंबईतल्या एका केंद्रीय लेखा कर्मचाऱ्याच्या प्रकरणातही न्यायालयाने थोड्याच काळात हीच रेषा कायम ठेवली.

साठ वर्षं उलटून गेली, तरी आपल्याकडच्या आंदोलनांचं सगळं व्याकरण या रेषेवर उभं आहे. काळ्या फिती लावून काम करणं, जेवणाच्या सुट्टीत प्रवेशद्वारापाशी घोषणा देणं, सुट्टीच्या दिवशी मोर्चा काढणं ही रेषेच्या अलीकडची बाजू. लेखणीबंद, सामुदायिक रजा, 'लाक्षणिक' संप ही पलीकडची. पुष्कळांना वाटतं की रजेचा अर्ज टाकला की संप केला असं होत नाही. तसं नाही. एकत्र ठरवून टाकलेल्या रजेला सरकार संपच मानतं. केंद्राच्या अत्यावश्यक सेवा कायद्यात तर गरजेच्या वेळी जादा काम नाकारणं किंवा काम मुद्दाम लक्षणीय संथ करणं, हेही 'संप' या व्याख्येत बसवलेलं आहे.

2003 च्या तमिळनाडू प्रकरणात (टी. के. रंगराजन विरुद्ध तमिळनाडू सरकार) सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाने आणखी पुढचं पाऊल टाकलं. सरकारी कर्मचाऱ्यांना संपाचा मूलभूत हक्क नाही, कायद्याने दिलेला हक्क नाही आणि नैतिक हक्कही नाही, असं त्यात म्हटलं आहे. पहिली दोन विधानं जुन्या निकालांना धरून आहेत. तिसरं मला कायम खटकत आलेलं आहे. एखाद्या गोष्टीचा नैतिक अधिकार आहे की नाही हे न्यायालयाने ठरवावं का, हा वाद वकिलांमध्येही आहे. पण निकाल आहे, आणि प्रत्येक संपाच्या वेळी सरकारी वकील तोच पुढे करतात.

तुम्ही नेमके कोणाचे नोकर?

लोक सहज 'सरकारी कर्मचारी' म्हणतात. कायदा तसं म्हणत नाही. मंत्रालयातला लिपिक, तलाठी, सरकारी रुग्णालयातली परिचारिका ही माणसं राज्याच्या नागरी सेवेत आहेत. त्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 लागू होतात आणि त्यातला सहावा नियम संपाला थेट मनाई करतो. केंद्राच्या कर्मचाऱ्यांसाठी 1964 च्या नियमांतला सातवा नियम तेच काम करतो. त्यांच्यासाठी 'कायदेशीर संप' असा प्रकारच नाही. आधी नोटीस दिली, मतदान घेतलं, एकच दिवस केला, तरी तो गैरवर्तणूकच.

एसटीचा चालक किंवा वीज कंपनीचा तंत्रज्ञ मात्र कायद्याच्या दृष्टीने कामगार आहे. त्याचा मालक सरकारी मालकीचा असला, तरी त्याला औद्योगिक कायदे लागू होतात. त्या कायद्यांत संपावर अटी आहेत, सरसकट बंदी नाही. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यानुसार सार्वजनिक उपयोगी सेवेत संप करायचा तर आधी नोटीस द्यायची, त्यानंतर 14 दिवस थांबायचं, आणि समेटाची बोलणी चालू असताना संप करायचा नाही. याच पार्श्वभूमीवर 1989 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संप हे कामगारांचं मान्य साधन आहे, मूलभूत हक्क नसला तरी, असं म्हटलं होतं. म्हणून 2003 चा निकाल एसटी किंवा वीज कामगारांवर जसाच्या तसा लावता येत नाही, असं अनेक जाणकार म्हणतात. मलाही ते पटतं.

जुन्या कायद्यात बेकायदा संपाची शिक्षा होती एक महिन्यापर्यंत कैद किंवा 50 रुपयांपर्यंत दंड. 1947 चे 50 रुपये, बदललेच नाहीत. 21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता, 2020 लागू झाली, तिच्यात हा दंड किमान 1,000 आणि कमाल 10,000 रुपये झाला. त्याहून महत्त्वाचे बदल दोन. 14 दिवसांच्या नोटिशीचं बंधन आता फक्त सार्वजनिक उपयोगी सेवांपुरतं राहिलेलं नाही, ते सगळ्याच औद्योगिक आस्थापनांना लागू झालं आहे. आणि निम्मे किंवा अधिक कामगार एकाच दिवशी ठरवून किरकोळ रजेवर गेले, तर तोही संपच.

तिसरा गट पोलिसांचा. घटनेच्या कलम 33 मुळे संसद त्यांच्या मूलभूत हक्कांना कात्री लावू शकते, आणि 1966 च्या कायद्याने संघटना काढण्यावरच मर्यादा घातली आहे. ऑगस्ट 1982 मध्ये मुंबईत पोलिसांच्या संघटनेवरच्या कारवाईनंतर जो उद्रेक झाला, तो आवरायला बाहेरची दलं आणावी लागली होती. महाराष्ट्रात पोलीस संघटनेचा विषय आजही निघाला की सगळे आवाज खाली आणतात, त्यामागे ती आठवण आहे.

संरक्षण उत्पादनाच्या कारखान्यांचा मामला याहून निराळा. ते कामगार नेहमीच्या औद्योगिक कायद्याखाली येत असत. पण 2021 मध्ये आयुध निर्माणींचं कंपन्यांत रूपांतर करायचं ठरलं आणि संघटनांनी संपाची घोषणा केली, तेव्हा केंद्राने आधी अध्यादेश आणि मग अत्यावश्यक संरक्षण सेवा कायदा आणून संपावर बंदी घातली. कायद्याला मुदत होती एक वर्षाची. त्या वर्षाच्या आत 41 कारखाने सात कंपन्यांमध्ये वाटले गेले. अंबरनाथ, खडकी, देहूरोड, वरणगाव, भुसावळ, भंडारा, अंबाझरी इथल्या कामगारांना हा इतिहास सांगायला नको.

मेस्मा: धाक किती, खटले किती

संपाची बातमी आली की मेस्मा हा शब्द येतोच. त्याबद्दलचा पहिला गैरसमज असा की अत्यावश्यक सेवेत संप केला की मेस्मा आपोआप लागतो. तो सरकारला लावावा लागतो. अमुक सेवेत अमुक काळासाठी संपाला मनाई, असा आदेश काढला की त्यानंतरचा संप गुन्हा होतो. आदेश निघाला नसेल, तर नागरी सेवकाचा संप गैरवर्तणूक असतो, फौजदारी गुन्हा नसतो. दुसरा आणि तिसरा प्रश्न वेगळे आहेत असं वर म्हटलं, ते यासाठी.

अशा कायद्यांचा वंशवृक्ष सोपा आहे. प्रत्येक पिढीत एक मोठा संप येतो आणि तो मोडायला एक अध्यादेश येतो. जुलै 1960 मध्ये केंद्रीय कर्मचाऱ्यांचा पाच दिवसांचा संप झाला, त्याच्या तोंडावर अत्यावश्यक सेवा अध्यादेश निघाला. नागपूरच्या टपाल-तार खात्यातल्या एका कर्मचाऱ्याने त्याला आव्हान दिलं. सर्वोच्च न्यायालयाने अध्यादेश वैध ठरवला. 19 सप्टेंबर 1968 ला केंद्रीय कर्मचाऱ्यांचा एक दिवसाचा संप झाला, त्यातून आजचा केंद्रीय कायदा आला, ज्याला 'एस्मा' म्हणतात. राज्यांनी आपापली आवृत्ती काढली, महाराष्ट्राची ती मेस्मा. या कायद्यांखाली विनावॉरंट अटक होऊ शकते. संपात भाग घेणाऱ्याला तर शिक्षा आहेच, चिथावणी देणाऱ्याला आणि जाणूनबुजून पैसा पुरवणाऱ्यालाही आहे.

मे 1974 च्या रेल्वे संपात सरकारने मेस्मासारख्या कायद्यांची वाटसुद्धा पाहिली नाही. जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखाली लाखो रेल्वे कामगार 8 मेपासून सुमारे तीन आठवडे संपावर होते. भारत संरक्षण नियम आणि मिसा (विनाखटला स्थानबद्ध करू देणारा कायदा) वापरून हजारोंना तुरुंगात टाकलं, हजारोंच्या नोकऱ्या गेल्या. त्यातल्या बहुतेकांना कामावर परत घेतलं ते 1977 मध्ये सरकार बदलल्यावर. म्हणजे न्याय मिळाला, पण तो मतपेटीतून.

प्रत्यक्षात मेस्माचा उपयोग शिक्षेपेक्षा धाक म्हणून जास्त होतो असं माझं मत आहे. जानेवारी 2023 मध्ये वीज कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांनी 72 तासांचा संप पुकारला, मेस्मा लागला, आणि पहिल्याच दिवशी बोलणी होऊन संप मागे घेतला गेला. मेस्माने संप मिटला की बोलण्यांनी? दोन्ही बाजू आपापलं उत्तर सांगतील. पण गुन्हा नोंदला गेला की त्याची शेपटी लांब असते. अटक होऊन 48 तासांपेक्षा जास्त कोठडीत राहिलं, तर शिस्त व अपील नियमांनुसार कर्मचारी आपोआप निलंबित मानला जातो. त्यासाठी वेगळी चौकशी लागत नाही. संप मिटतो, सहकारी कामावर जातात, आणि हा माणूस तारखा मोजत बसतो.

पगार कापला जातो, तो किती?

'काम नाही तर वेतन नाही' हे तत्त्व साधं वाटतं, पण त्यावर मोठी लढाई झालेली आहे. 29 डिसेंबर 1977 रोजी बँक ऑफ इंडियाचे कर्मचारी चार तास संपावर गेले आणि उरलेल्या वेळेत कामावर हजर झाले. बँकेने पूर्ण दिवसाचा पगार कापला, कारण तशी सूचना तिने आधीच दिली होती. मुंबई उच्च न्यायालयाने कर्मचाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. सर्वोच्च न्यायालयाने 1990 मध्ये तो फिरवला: चार तासांच्या संपासाठीही पूर्ण दिवसाचा पगार कापता येतो. चार तासांच्या पगाराचा हा वाद बारा वर्षं चालला.

संप कायदेशीर असेल तर तरी पगार मिळतो का? 1994 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने उत्तर दिलं की संप कायदेशीरही हवा आणि समर्थनीयही हवा. दोन्ही असेल तरच पगार. बेकायदा संप समर्थनीय असला तरी पगार नाही. नागरी सेवकाचा संप कधीच कायदेशीर नसतो, म्हणून त्याचा पगार मिळण्याचा प्रश्नच येत नाही. त्याला जे मिळतं ते हक्क म्हणून नव्हे, तडजोड म्हणून.

या तडजोडीचं चलन म्हणजे रजा. संपाचे दिवस अर्जित रजेत घातले, तर पगार मिळतो, रजा जाते. असाधारण रजेत घातले, तर पगार जातो, सेवा अखंड राहते, क्वचित वेतनवाढीची तारीख पुढे सरकते. आणि काहीच केलं नाही, तर सेवाखंड. पगार जाणं एका महिन्याचं दुखणं आहे. सेवाखंड निवृत्तीपर्यंत पाठ सोडत नाही, कारण पेन्शनसाठी मोजली जाणारी आधीची सेवाच धोक्यात येते. म्हणून संप मिटवताना संघटनेचे जुने जाणते नेते मागण्यांइतकाच जोर एका ओळीवर देतात: संपकाळ सेवाखंड न मानता नियमित करावा. ती ओळ शासन निर्णयात आली की घरी जायला हरकत नाही. 1977-78 मध्ये र. ग. कर्णिक यांच्या नेतृत्वाखाली केंद्राप्रमाणे महागाई भत्ता मागत राज्य कर्मचाऱ्यांनी 54 दिवस संप चालवला. दोन महिन्यांच्या पगाराविना घर कसं चाललं, हे त्या पिढीतले लोक अजून सांगतात.

नोकरी जाते, ती कशी

नागरी सेवकाला घटनेच्या कलम 311 चं कवच आहे: चौकशी केल्याशिवाय, म्हणणं मांडू दिल्याशिवाय बडतर्फ करता येत नाही. पण त्याच कलमात एक दार आहे. चौकशी करणं व्यवहार्य नाही असं अधिकाऱ्याला वाटलं आणि त्याने तशी कारणं लेखी नोंदवली, तर चौकशीविना बडतर्फी शक्य आहे. 1985 च्या तुलसीराम पटेल निकालात घटनापीठाने हे दार वैध ठरवलं. नोंदवलेली कारणं पोकळ असली तर न्यायालय आदेश रद्द करू शकतं, पण तोपर्यंत कर्मचारी घरी असतो.

तमिळनाडूने जुलै 2003 मध्ये हेही दार न वापरता सरळ भिंत पाडली. अत्यावश्यक सेवा कायद्यात अध्यादेशाने बदल करून संपातल्या कर्मचाऱ्यांना बडतर्फ केलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. हक्काच्या मुद्द्यावर न्यायालय किती कडक होतं ते वर आलंच आहे. पण त्याच सुनावणीत, न्यायालयाच्या सूचनेवरून, सरकारने बहुतेकांना परत घेण्याची तयारी दाखवली. अट होती बिनशर्त माफीची आणि पुन्हा असं करणार नाही या लेखी हमीची. ज्यांच्यावर गुन्हे नोंदले होते किंवा ज्यांना अटक झाली होती ते यातून वगळले गेले. त्यांची प्रकरणं निवृत्त न्यायमूर्तींकडे सोपवली. वर्षभरात लोकसभा निवडणूक झाली, तमिळनाडूतल्या 39 जागांपैकी एकही जागा सत्ताधारी अण्णाद्रमुकला मिळाली नाही, आणि मुख्यमंत्री जयललितांनी उरलेल्या कारवायाही मागे घेतल्या.

संप करणाऱ्यांत आणि संपाचं नेतृत्व करणाऱ्यांत, किंवा नुसतं पुढच्या रांगेत उभं असलेल्यांत, पडणारी ही फट लक्षात ठेवण्यासारखी आहे. गर्दीला माफी मिळते, नावानिशी नोंद झालेल्याला मिळेलच असं नाही.

एसटीचा संप यापेक्षा वेगळ्या कारणाने चिघळला. मागणी होती महामंडळाचं राज्य शासनात विलीनीकरण. म्हणजे खरं तर वर सांगितलेल्या दुसऱ्या गटातून पहिल्या गटात जाण्याची. ऑक्टोबर 2021 च्या अखेरीस संप सुरू झाला. उच्च न्यायालयाचा मनाई आदेश होता. नोव्हेंबरमध्ये सरकारने मूळ वेतनात सेवाकाळानुसार 2,500 ते 5,000 रुपयांची वाढ जाहीर केली. संघटनांनी एकेक करून माघार घेतली, पण कामगार कामावर आले नाहीत. जानेवारी 2022 मध्ये कामगार न्यायालयाने संप बेकायदा ठरवला.

इथे महाराष्ट्राच्या 1971 च्या कामगार कायद्यातली एक तरतूद सांगायला हवी, जी फार थोड्यांना माहीत असते. न्यायालयाने संप बेकायदा जाहीर केल्यावर 48 तासांत तो मागे घेतला, तर त्या कायद्यापुरता तो बेकायदा मानला जात नाही. कायद्याने परतीसाठी दोन दिवसांची खिडकी मुद्दाम उघडी ठेवली आहे. पण ती वापरायला 'संप मागे घेतला' असं म्हणू शकणारा कोणी तरी लागतो, ज्याचं लोक ऐकतील. एसटीच्या संपात नेमका तोच उरला नव्हता. शेवटी 7 एप्रिल 2022 रोजी उच्च न्यायालयाने कामगारांना 22 एप्रिलपर्यंत कामावर हजर होण्याची मुभा दिली आणि जे येतील त्यांच्यावर बडतर्फीची कारवाई करू नये, असं महामंडळाला सांगितलं. विलीनीकरण झालं नाही. कामगार परतले.

तेव्हा सुरुवातीच्या कोड्याचं उत्तर कायद्याच्या पुस्तकात अर्धंच सापडतं. बडतर्फीचा अधिकार तिन्ही सरकारांकडे होता. 2023 मध्ये एक समन्वय समिती होती, तिच्यामागे सगळे होते, आणि सरकारला समिती नेमून, अहवाल मागवून सन्मानाने मागे येण्याची वाट होती. 2021 मध्ये करारावर सही करणारा हातच नव्हता. 2003 मध्ये मुख्यमंत्रीच कर्मचाऱ्यांना धडा शिकवायला निघाल्या होत्या.

बाहेर काय चालतं

अमेरिकेतल्या विमान वाहतूक नियंत्रकांनी 3 ऑगस्ट 1981 रोजी संप केला. तिथे संघराज्याच्या नोकरांना संपाची बंदी आहे. राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी 48 तास दिले आणि मग 11,000 हून अधिक जणांना काढून टाकलं; त्यांच्या पुनर्नियुक्तीवरची बंदी 1993 पर्यंत उठली नाही. जर्मनीत 'बेआम्टे' म्हणवणाऱ्या कायम नागरी सेवकांना संप करता येत नाही, मग तो शाळेतला शिक्षक का असेना, पण त्याच शाळेत करारावर शिकवणारा शिक्षक संप करू शकतो. युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये ही बंदी मान्य केली, कारण बदल्यात आजीवन नोकरी आणि पुरेशा वेतनाचा न्यायालयात मागता येणारा हक्क मिळतो. फ्रान्समध्ये सरकारी सेवकांना संपाचा हक्क घटनेनेच आहे, पाच दिवसांची पूर्वसूचना दिली की झालं.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचं मत असं की संपावर बंदी फक्त राज्याच्या वतीने सत्ता वापरणाऱ्यांवर आणि लोकांच्या जीविताशी, सुरक्षेशी, आरोग्याशी थेट संबंध असलेल्या सेवांवर घालावी, आणि ज्यांच्यावर घातली त्यांना लवादासारखी पर्यायी वाट द्यावी. संघटना स्वातंत्र्याबद्दलचे तिचे 87 आणि 98 क्रमांकाचे करार भारताने आजवर स्वीकारलेले नाहीत, आणि न स्वीकारण्यामागे सरकारी नोकरांवरची हीच बंधनं हे एक कारण आहे. पर्यायी वाट मात्र आपल्याकडेही आहे: 1960 च्या संपानंतर केंद्राने 1966 मध्ये संयुक्त सल्लागार यंत्रणा उभी केली. वेतन-भत्ते, कामाचे तास आणि रजा या विषयांवर ती सक्तीच्या लवादापर्यंत जाते. पेन्शनसारखा विषय त्यात बसत नाही, आणि गेल्या काही वर्षांत लोक रस्त्यावर आले ते पेन्शनसाठीच.

जे कुठल्याच गटात नाहीत

अंगणवाडी सेविकांना वेतन मिळत नाही, मानधन मिळतं. त्या नागरी पदावर नाहीत असं सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये म्हटलं. त्यामुळे वर्तणूक नियम नाहीत, कलम 311 चं कवच नाही, वेतन आयोगही नाही. ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य व्हायला 2022 उजाडलं. पण मार्च 2018 मध्ये महाराष्ट्र सरकारने त्यांची सेवा अत्यावश्यक ठरवून त्यांना मेस्मा लावला. सत्तेतल्या मित्रपक्षासकट सगळे विधानसभेत तुटून पडले, तेव्हा सरकारला पाऊल मागे घ्यावं लागलं. डिसेंबर 2023 मध्ये त्या पुन्हा संपावर गेल्या आणि जानेवारी संपत आला तेव्हा परतल्या. तेवढ्या दिवसांचं मानधन नियमित करायला त्यांच्या खात्यावर अर्जित रजाही नसते.

आरोग्य खात्यातले, शाळांमधले, पालिकांमधले कंत्राटी कर्मचारी याच अवस्थेत आहेत. त्यांच्याबाबतीत मेस्मा, विभागीय चौकशी, सेवाखंड यांपैकी काहीच वापरावं लागत नाही. नेमणूक अकरा महिन्यांची असते. संपात पुढे होता म्हणून कुणाला काढलं, असं कुठल्याही कागदावर येत नाही; पुढचा आदेश निघताना यादीत नाव नसतं, एवढंच. आव्हान द्यायचं तर कुठल्या आदेशाला द्यायचं, हा प्रश्न घेऊन तो वकिलाकडे जातो, आणि वकील आधी विचारतो की मागच्या वेळी सही केलेल्या करारात नूतनीकरणाबद्दल काय लिहिलं होतं.